सहीला नाही म्हणता येतं, हुकुमाला नाही

अमेरिकेच्या एखाद्या सैनिकाने मोहिमेवर जायला नकार दिला, अशी बातमी अधूनमधून येते. तिच्यात कुठेतरी लिहिलेलं असतं की त्याच्या कराराचे थोडेच महिने उरले होते. ते वाचून आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, करार संपतच आलाय तर त्याला पाठवताच कशाला? दुसरा म्हणतो, वर्दी चढवली की नाही म्हणायचा हक्क संपला. दोघांचंही म्हणणं अर्धं खरं आहे, कारण दोघं दोन वेगळ्या नकारांबद्दल बोलत असतात.

पहिला नकार असतो नव्या सहीला. ‘मोहीम नऊ महिन्यांची आहे, तुझे पाचच उरलेत, तेव्हा मुदत वाढवून घे’ असं सैन्य म्हणतं आणि सैनिक म्हणतो, नाही वाढवत. हा गुन्हा नाही. त्यासाठी छापील फॉर्मसुद्धा आहे. दुसरा नकार असतो हुकुमाला. मुदत अजून शिल्लक आहे, तुकडीला निघायचा आदेश आलाय आणि सैनिक विमानात चढत नाही. मग मुदतीचे दोन वर्षं उरलेली असोत की दोन आठवडे, हा गुन्हा आहे आणि त्याला कोर्ट मार्शल होऊ शकतं. गोंधळ होतो तो हे दोन्ही प्रसंग बऱ्याचदा एकाच सैनिकावर एकाच सुमाराला येतात म्हणून.

तीन वर्षं म्हणजे आठ वर्षं

अमेरिकेत १९७३ पासून सक्तीची लष्करभरती नाही. सैन्यात जो आहे तो स्वतःच्या सहीने आहे आणि ती सही होते ‘डीडी फॉर्म ४’ नावाच्या कागदावर. नुकतीच शाळा संपवलेल्या पोराला भरती करणारा सार्जंट सांगतो, ‘तीन वर्षं’ किंवा ‘चार वर्षं’. ते खोटं नसतं, पण पुरतंही नसतं. पहिल्यांदा भरती होणाऱ्यावर एकूण आठ वर्षांचं बंधन येतं. त्यातली तीन-चार वर्षं तो रोज वर्दीत असतो. उरलेली वर्षं नॅशनल गार्डमध्ये (म्हणजे राज्यांच्या अर्धवेळ दलात) किंवा राखीव दलात काढता येतात, नाहीतर ‘इंडिव्हिज्युअल रेडी रिझर्व्ह’ नावाच्या यादीत. या यादीतल्या माणसाला महिन्याची कवायत नसते, पगार नसतो, छावणी नसते. तो कॉलेजात असतो किंवा कुठेतरी नोकरी करत असतो आणि आपलं नाव अजून सैन्याच्या वहीत आहे हे विसरूनही गेलेला असतो. २००४ च्या उन्हाळ्यात इराकसाठी माणसं कमी पडायला लागली, तेव्हा सैन्याने या यादीतल्या सुमारे ५,६०० जणांना बोलावणार असल्याचं जाहीर केलं. आपलं सैन्याशी असलेलं नातं कधीच संपलं असं समजून बसलेल्या कित्येकांच्या घरी पत्रं पोचली.

सक्रिय सेवेचा शेवटचा दिवस सैन्यात ‘ईटीएस’ म्हणून ओळखला जातो. नौदल आणि मरीन कोअर यांची नावं वेगळी, पण अर्थ तोच. प्रत्येक सैनिकाला ही तारीख तोंडपाठ असते आणि सगळी भांडणं तिच्याभोवतीच फिरतात.

त्या फॉर्ममध्ये दोन कलमं अशी आहेत की अठराव्या वर्षी सही करताना त्यांच्याकडे कोणाचंच फारसं लक्ष जात नसावं. पहिलं म्हणतं की सैनिकांना लागू असलेले कायदे आणि नियम पूर्वसूचना न देता बदलू शकतात, आणि या कागदावर काहीही लिहिलेलं असलं तरी त्या बदलांनी तुमचा दर्जा, पगार, भत्ते आणि जबाबदाऱ्या बदलू शकतात. दुसरं म्हणतं की युद्ध झालं तर तुमची भरती युद्ध संपल्यानंतर सहा महिन्यांपर्यंत चालू राहील. हे दुसरं कलम वाचायला भयंकर वाटतं, पण व्यवहारात झोपलेलंच आहे. अमेरिकी काँग्रेसने औपचारिकरीत्या शेवटचं युद्ध पुकारलं ते १९४२ मध्ये. व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान यांतलं एकही कागदोपत्री ‘पुकारलेलं युद्ध’ नव्हतं. खरी मेख पहिल्या कलमात आहे. दुसऱ्या कुठल्या करारात एका पक्षाने ‘अटी मी नंतर बदलेन, तुला न विचारता’ असं लिहून घेतलं असतं, तर वकिलाने तो कागद फाडून टाकायला सांगितला असता.

मग न्यायालयं असा करार मान्य कसा करतात? उत्तर जुनं आहे, १८९० चं. ग्रिमली नावाचा चाळिशीचा माणूस वय कमी सांगून सैन्यात शिरला. तेव्हाची मर्यादा होती ३५ वर्षं. शपथ घेतली आणि थोड्याच वेळात पळाला. पकडल्यावर म्हणाला, माझं वय बसतच नव्हतं, मग भरतीच बेकायदा, आणि भरती बेकायदा तर पळण्याचा गुन्हा कसला? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. भरती हा करार आहे खरा, पण तो माणसाचा दर्जाच बदलणारा करार आहे, असं न्यायालय म्हणालं आणि दाखला दिला लग्नाचा. नवराबायकोपैकी एकाने वचन मोडलं म्हणून लग्न आपोआप मोडत नाही. तसंच शपथ घेतल्यावर नागरिकाचा सैनिक होतो आणि त्याने स्वतः करार मोडला म्हणून तो पुन्हा नागरिक होत नाही. पुढच्या सव्वाशे वर्षांत सैन्य आणि सैनिक यांच्यात जे खटले झाले, त्यांच्या तळाशी हा विचार आहे.

पाच महिने उरलेत आणि तुकडी नऊ महिन्यांसाठी निघालीय

आता एक उदाहरण घेऊ. समजा एक स्टाफ सार्जंट आहे, अकरा वर्षं झालीत, दुसऱ्या की तिसऱ्या करारावर आहे. त्याची ईटीएस सप्टेंबरअखेर आहे. एप्रिलअखेर त्याची तुकडी नऊ महिन्यांसाठी परदेशी निघणार. म्हणजे मोहीम जानेवारीत संपेल आणि त्याची मुदत मध्येच संपते. सैन्याच्या दृष्टीने हा माणूस अडचणीचा आहे. नेला तर मधेच परत पाठवायचा, त्याच्या जागी दुसरा आणायचा, आणि तोही अशा पथकात जिथे हाताखालच्या पोरांना वर्षभर यानेच शिकवलंय.

अशा वेळी तो ‘करिअर कौन्सेलर’ या पदावरच्या सार्जंटसमोर बसतो. सैनिकांनी पुन्हा सही करावी हे पाहणं एवढंच या माणसाचं काम. तो सांगतो, मोहिमेला पुरेल इतकी मुदत वाढव, किंवा सरळ नवा करार कर, दोन ते सहा वर्षांचा. दोन्ही नको असेल तर तिसरा कागद आहे: पुढील सेवेस नकाराचं निवेदन, फॉर्म ४९९१.

हा फॉर्म मला या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत बोलका कागद वाटतो. यात शिक्षा नाही, आरोप नाही, कोणी ओरडत नाही. पण सही केली की दारं एकेक करून लागत जातात. पदोन्नती थांबते. नव्या करारावर सही करता येत नाही. अधिकारी होण्याच्या कुठल्याही योजनेत अर्ज करता येत नाही. ठरल्या तारखेपर्यंत मुकाट काम करायचं आणि जायचं. नंतर मन बदललं तर हा कागद मागे घेणं फार अवघड, त्यासाठी वरून खास मंजुरी लागते. सेवामुक्तीचा दाखला मात्र सन्मानपूर्वकच मिळतो. सैनिकांना शिक्षणखर्च देणाऱ्या ‘जीआय बिल’ या कायद्याचा लाभही शाबूत राहतो.

हा नियम मुख्यतः दुसऱ्या आणि पुढच्या करारांवर असलेल्यांसाठी आहे. पहिल्याच करारावरचा पोरगा मुदत संपते म्हणून निघाला, तर सैन्य त्याच्याकडून अशी लेखी कबुली मागत नाही. त्याने कुठे आयुष्यभराचं वचन दिलं होतं? हवाई दलात हेच ‘सात दिवसांचा पर्याय’ म्हणून चालतं: नव्या नेमणुकीचा आदेश आला आणि अनुभवी हवाई सैनिकाला ती नको असेल, तर सात दिवसांत तसं सांगून तो बाहेर पडायची तारीख लावून घेतो. मोबदल्यात बढती आणि नवा करार दोन्ही बंद.

बाहेर पडताना प्रत्येकाला ‘डीडी-२१४’ मिळतो. अमेरिकेत माजी सैनिकासाठी हा कागद म्हणजे सर्वस्व. नोकरी, घरकर्ज, दवाखाना, सगळीकडे तो दाखवावा लागतो. त्यावर एक छोटासा ‘आरई’ कोड असतो. १ असेल तर पुन्हा भरती व्हायला मोकळे. ३ असेल तर आधी सूट मिळवावी लागते. ४ असेल तर परतीची वाट बंद. नकार देऊन गेलेल्याचा कोड सहसा १ राहत नाही.

आता प्रश्न येतो, हा नकार परवडतो कोणाला? आठ वर्षं झालेल्याला परवडतो. पंधरा वर्षं झालेल्याला जवळजवळ नाही. अमेरिकी सैन्यात पूर्ण पेन्शन वीस वर्षांनंतरच मिळते. जुन्या योजनेत वीस वर्षांना मूळ पगाराच्या निम्मी, २०१८ पासूनच्या नव्या योजनेत चाळीस टक्के आणि जोडीला बचतखात्यात सरकारचा वाटा. एकोणीस वर्षांनी नियमितपणे बाहेर पडलेल्याला जुन्या योजनेखाली मासिक पेन्शन शून्य. म्हणजे अशा अनुभवी सार्जंटला मुदत संपताना चौथ्या मोहिमेसाठी ती वाढवायला सांगितलं, तर कागदावर त्याला ‘नाही’ म्हणायचा पूर्ण हक्क आहे आणि प्रत्यक्षात त्या हक्काची किंमत आहे त्याची उरलेल्या आयुष्याची पेन्शन. स्वेच्छेचं सैन्य म्हणतात ते हे. मला यात कपट दिसत नाही, पण ‘त्याने स्वखुशीने पुन्हा सही केली’ हे वाक्य ऐकलं की त्याला किती वर्षं झाली होती, हे मी आधी विचारतो.

गाजराची बाजू

सैन्य फक्त दारं लावून थांबत नाही, पैसेही मोजतं. ज्या कामाची माणसं कमी पडतात, त्या कामातल्या सैनिकाने पुन्हा सही केली तर बोनस मिळतो. युद्धक्षेत्रात असताना सही केली तर त्या बोनसवर प्राप्तिकर लागत नाही. म्हणून पुष्कळ सैनिक मोहिमेवर पोचेपर्यंत सही लांबवतात आणि तिथे गेल्यावर करतात. ४ जुलै २००८ रोजी बगदादमधल्या अल फॉ राजवाड्यात, म्हणजे सद्दाम हुसेनच्याच एका महालात, १,२१५ सैनिकांनी एकाच वेळी पुन्हा सेवेची शपथ घेतली. शपथ दिली इराकमधल्या फौजांचे तेव्हाचे प्रमुख जनरल पेट्रियस यांनी. छायाचित्रांत देशभक्ती दिसते आणि ती होतीही. पण त्या दिवशी त्या दालनात करमुक्त बोनसही होता, हे छायाचित्रात येत नाही.

मुलांच्या शिक्षणाचं आमिष त्याहून जबर आहे. २००९ पासून सैनिकाला आपला जीआय बिलाचा शिक्षणलाभ जोडीदाराच्या किंवा मुलांच्या नावे करता येतो, मात्र सहा वर्षं झालेली हवीत आणि आणखी चार वर्षं द्यायची तयारी हवी. अमेरिकेतल्या कॉलेजची फी ज्याला ठाऊक आहे, त्याला हे चार वर्षांचं गणित समजावून सांगायला नको.

नव्या सहीबरोबर काही मागताही येतं: आहे त्याच छावणीत राहणं, दुसरं प्रशिक्षण, परदेशी नेमणूक किंवा देशातली पसंतीची जागा. अर्थात ही सगळी मागणी ‘सैन्याची गरज’ या शब्दांच्या आधीन.

शपथेचं सांगायचं तर ती कुठलाही कमिशन्ड अधिकारी देऊ शकतो, आणि सैनिक ती कुठेही घेतात, पाण्याखाली, विमानातून उडी मारताना. २०१८ मध्ये टेनेसीच्या हवाई नॅशनल गार्डमधल्या एका सार्जंटबाईंनी उजव्या हातात डायनासोरची बाहुली घालून शपथ घेतली. चित्रफीत पसरली आणि ती शपथ देणाऱ्या कर्नलना एक हुद्दा खाली आणून निवृत्त केलं गेलं. विनोदाला सैन्यात जागा आहे. फक्त हात वर केलेला असताना नाही.

तारीख उलटली तरी घरी न जाता येणं

आतापर्यंत जे सांगितलं त्यात सैनिकाकडे निदान एक नकार शिल्लक होता. २००१ नंतरची काही वर्षं तोही राहिला नाही. त्या धोरणाचं नाव ‘स्टॉप-लॉस’.

कायद्यात तरतूद आहे की राखीव दलांना विशिष्ट आदेशांखाली सक्रिय सेवेत बोलावलेलं असेल, त्या काळात राष्ट्राध्यक्ष सैनिकांच्या बढती, निवृत्ती आणि सेवामुक्तीचे नियम स्थगित ठेवू शकतात. म्हणजे तुमची तारीख आली तरी तुम्हाला सोडायचं नाही. व्हिएतनाम युद्धात हे हत्यार नव्हतं. तिथे सैनिक एकेकटा यायचा, साधारण वर्ष काढायचा आणि एकेकटा जायचा. तुकडी तीच, पण माणसं सतत बदलती. एकमेकांना न ओळखणारी माणसं शेजारी शेजारी लढतात तेव्हा काय होतं, याचा कडू धडा सैन्याने घेतला आणि पुढे ठरवलं की तुकडी एकत्र तयार होईल, एकत्र जाईल आणि एकत्र परतेल. ऐकायला हे शहाणपणाचंच आहे. पण एकत्र जायचं तर ज्यांची मुदत मधेच संपते त्यांचं काय, या प्रश्नाला स्टॉप-लॉस हे उत्तर होतं.

पहिला वापर १९९० च्या आखाती युद्धात झाला. मग ११ सप्टेंबर २००१ नंतर तीनच दिवसांत राष्ट्राध्यक्ष बुश यांनी आदेश काढला. आधी विशिष्ट कामांच्या लोकांपुरता, आणि जून २००४ पासून इराक-अफगाणिस्तानला निघालेल्या सैन्याच्या प्रत्येक तुकडीला. नियम साधा होता: तुकडी निघण्याच्या ९० दिवस आधीपासून ती परतल्यावर ९० दिवसांपर्यंत कोणालाही मुदत संपली म्हणून बाहेर पडता येणार नाही. मोहीम एक वर्षाची धरली तरी सगळं मिळून दीड वर्ष. एप्रिल २००७ मध्ये मोहीमच पंधरा महिन्यांची झाली, तेव्हा हा काळ आणखी लांबला. २००५ मध्ये एका वेळी पंधरा हजारांहून अधिक सैनिक आपली तारीख उलटून गेल्यावर वर्दीत होते. त्याच्या आदल्या वर्षी, २००४ मध्ये, जॉन केरी यांनी याला ‘मागच्या दाराने सक्तीची भरती’ म्हटलं होतं. ते तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात निवडणूक होती. पण शब्द चुकीचा नव्हता.

लोक न्यायालयात गेले. ओरेगॉन नॅशनल गार्डचे सार्जंट सँटिआगो यांनी १९९६ मध्ये आठ वर्षांसाठी सही केली होती. जून २००४ मध्ये ती संपायच्या जेमतेम काही दिवस आधी त्यांना कळलं की सुटका नाही, तुकडी अफगाणिस्तानला जाणार आहे. कागदोपत्री त्यांची नवी तारीख पडली २०३१ ची. सैन्याचं म्हणणं होतं, ती फक्त संगणकाच्या सोयीसाठी टाकलेली दूरची तारीख, खरोखर कोणी तितकं ठेवणार नाही. ज्याच्या हातात तो कागद पडला त्याची रात्र कशी गेली असेल, ते सोडून देऊ. सँटिआगो यांचा युक्तिवाद होता की माझ्या करारात हे लिहिलेलं नव्हतं. २००५ मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे न्यायविभागाच्या, अपील न्यायालयाने त्यांच्या विरोधात निकाल दिला. काँग्रेसने राष्ट्राध्यक्षांना अधिकार दिलेला आहे, आणि कायदे बदलतील, लागू होतील, हे करारातच म्हटलेलं आहे. म्हणजे फॉर्ममधल्या त्या पहिल्या कलमाचाच आधार.

त्याच सुमाराला अर्कान्सा नॅशनल गार्डच्या एका सैनिकानेही दावा लावला होता. तो ‘एक वर्ष करून बघा’ अशा योजनेखाली परत आला होता आणि वर्ष संपल्यावर इराकमध्ये अडकला. त्याचा खटला देशभर गाजला. मग फेब्रुवारी २००५ मध्ये त्यानेच सहा वर्षांसाठी पुन्हा सही केली, १५,००० डॉलरचा बोनस घेऊन. घरची देणी होती. काहींनी त्याची टिंगल केली. मला ती करावीशी वाटत नाही. काठी आणि गाजर एकाच माणसावर एकाच वर्षात कसं चालतं, ते यात नीट दिसतं.

स्टॉप-लॉस थांबवलं ते न्यायालयाने नव्हे, संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी. मार्च २००९ मध्ये त्यांनी जाहीर केलं की हे टप्प्याटप्प्याने बंद होईल. तेव्हा सुमारे तेरा हजार सैनिक त्याखाली होते. मुदत संपलेल्या माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध धरून ठेवणं बरोबर नाही, असं ते उघडपणे म्हणाले. सैन्याचे प्रमुख शंभर वेळा ‘कायदेशीर आहे’ म्हणत होते त्यानंतरचं हे एक वाक्य. मार्च २०११ पर्यंत ते संपवायचं ठरलं आणि संपलं. अडकलेल्यांना दर महिन्यामागे ५०० डॉलर देण्याची तरतूद झाली, मागच्या वर्षांसाठीही. ११ सप्टेंबर २००१ ते ३० सप्टेंबर २००९ या काळात अडकलेले सुमारे १,४५,००० जण या भरपाईला पात्र ठरत होते. पुष्कळांनी अर्जच केले नाहीत. सरकार आपल्याला पैसे देतंय यावर त्यांचा विश्वास बसेना, म्हणून अर्जाची मुदत पुन्हा पुन्हा, २०१२ पर्यंत, वाढवावी लागली.

त्याच्या जागी आला पैशाचा मार्ग. मोहिमेपुरती मुदत आपणहून वाढवली तर त्या वाढीव महिन्यांसाठी दरमहा ५०० डॉलरपर्यंत भत्ता. लवकर तयारी दाखवली तर जास्त, उशिरा दाखवली तर कमी. स्टॉप-लॉसचा कायदा मात्र आजही जागच्या जागी आहे. वापर बंद आहे, कलम नाही.

आणि ज्याने हुकूमच मानला नाही

आता दुसरा नकार. मुदत शिल्लक आहे, आदेश कायदेशीर आहे आणि सैनिक जात नाही. अमेरिकी लष्करी न्यायसंहितेच्या कलम ८७ मध्ये नेमकं यासाठीच गुन्ह्याचं नाव आहे: तुकडीसोबत जाणं जाणूनबुजून चुकवणं. कमाल शिक्षा दोन वर्षं तुरुंग आणि कलंकित बडतर्फी. वरिष्ठ अधिकाऱ्याचा थेट आदेश मुद्दाम मोडला तर पाच वर्षांपर्यंत. धोक्याचं काम टाळण्यासाठी पळून जाणं हा त्याहून वेगळा गुन्हा.

तारीख उलटेपर्यंत कुठेतरी दडून बसलं तर? तेही चालत नाही. विनापरवाना गैरहजेरीचे दिवस सेवेत धरले जात नाहीत. ते पुढे भरून द्यावे लागतात, म्हणजे ईटीएस तितकीच पुढे सरकते. शिवाय मुदत संपण्याआधी खटल्याची कारवाई सुरू झाली असेल तर ती पूर्ण होईपर्यंत सैन्य ताबा सोडत नाही.

मनाला युद्धच पटत नसेल तर ‘कॉन्शिअन्शस ऑब्जेक्टर’ म्हणून अर्ज करता येतो. पण अट कडक आहे: विरोध कुठल्याही स्वरूपाच्या युद्धाला हवा. ‘हे एक युद्ध चुकीचं आहे’ एवढं पुरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये गिलेट खटल्यात ठरवलं. त्यामुळे इराक पटत नाही पण देशाच्या रक्षणासाठी लढायला तयार आहे, असं प्रामाणिकपणे सांगणारा सैनिक नेमका या चाळणीतून खाली पडतो.

लेफ्टनंट एहरेन वताडा यांचं असंच झालं. इराक युद्ध बेकायदेशीर आहे म्हणत २००६ मध्ये त्यांनी तिकडे जायला जाहीर नकार दिला. अफगाणिस्तानला जायची तयारी त्यांनी दाखवली होती. ते अधिकारी होते, आणि अधिकाऱ्यांची गत याबाबतीत आणखी वेगळी: सैनिकासारखी करार संपण्याची तारीखच त्यांना नसते. बंधनाची वर्षं झाली की राजीनामा द्यायचा, आणि तो स्वीकारायचा की नाही हे सैन्य ठरवतं. वताडांचा राजीनामा स्वीकारला गेला नव्हता. फेब्रुवारी २००७ मध्ये त्यांचं कोर्ट मार्शल मधेच रद्द झालं आणि एकाच आरोपावर दोनदा खटला नको म्हणून लष्कराबाहेरच्या संघीय न्यायालयाने फेरखटला अडवला. २००९ मध्ये त्यांना सन्मानाशिवाय सेवामुक्त केलं गेलं. तुरुंग टळला, पण तो कायद्याच्या तांत्रिक वळणावर. त्यांचा मुद्दा कोणी मान्य केला म्हणून नव्हे.

भारतातून गेलेल्यांसाठी यात आणखी एक गाठ आहे. २००८ मध्ये अमेरिकेने ‘मावनी’ नावाची योजना आणली. ग्रीन कार्ड नसलेल्या पण खास भाषा किंवा वैद्यकीय कौशल्य असलेल्या, कायदेशीरपणे राहणाऱ्या परदेशी लोकांना सैन्यात घ्यायचं आणि लवकर नागरिकत्व द्यायचं. भाषांच्या यादीत हिंदीही होती, त्यामुळे तिथे शिकायला गेलेल्या भारतीय मुलांसाठी ती एक वाट झाली. २०१६ मध्ये नवी भरती थांबली. सैन्यसेवेतून नागरिक झालेल्यांना एक अट लागू असते: एकूण पाच वर्षं सन्मानपूर्वक सेवा होण्याआधी सन्मानाशिवाय बाहेर पडावं लागलं, तर मिळालेलं नागरिकत्व काढून घेतलं जाऊ शकतं. अमेरिकेत जन्मलेला सैनिक हुकूम मोडून फार तर तुरुंगात जातो. या मुलांच्या बाबतीत देशच पणाला लागतो. नव्या करारावर सही न करणाऱ्याला मात्र ही भीती नाही, कारण त्याचा दाखला स्वच्छ असतो.

प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणं इतकी टोकाला जातच नाहीत. ज्याचे मोजके आठवडे उरलेत त्याला नेऊन महिन्याभरात परत पाठवण्यात कमांडरचंच नुकसान असतं. प्रत्येक तुकडी मागे एक छोटं पथक ठेवते, छावणी सांभाळायला, कुटुंबांच्या अडचणी बघायला. मुदत संपत आलेले, दुखापत झालेले, बाळंतपण जवळ आलेल्या अशी माणसं त्यात असतात. सेवामुक्तीची तयारीही नियमाने निदान वर्षभर आधी सुरू करावी लागते: नोकरीच्या कार्यशाळा, वैद्यकीय तपासण्या, साठलेली रजा. पण मागे कोणाला ठेवायचं हे कमांडर ठरवतो आणि तो ‘चल’ म्हणाला तर सैनिकाला जावं लागतं. मग मोहिमेच्या मधेच, तारीख जवळ आली की, त्याला बाकीच्यांच्या आधी एकट्याला घरी पाठवतात.